गाळ कुणाचा?

नदीवर जायचं म्हणजे पायऱ्या उतरायच्या, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. वाई असो की नाशिक, गाव वर आणि पात्र खाली. कॅलिफोर्नियातलं मेरीसव्हिल १८५०च्या सुमारास वसलं तेव्हा तिथेही असंच होतं. युबा नदी फेदर नदीला मिळते त्या संगमावरचं हे शहर. काठ उंच, पाणी स्वच्छ, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने आलेल्या आगबोटी थेट शहराच्या धक्क्याला लागत.

तीस वर्षांत हे चित्र पालटलं. १८८०च्या आसपास युबाचा तळ शहराच्या रस्त्यांच्या पातळीला येऊन ठेपला होता. शहराभोवती मातीचा बांध घातला होता आणि नदीवर जायला आता त्या बांधावर चढावं लागे. १८७५च्या जानेवारीत बांध फुटला आणि शहर पाण्याखाली गेलं. पाऊसमान बदललेलं नव्हतं, नदीही तीच होती. मग पात्र वर कसं आलं? आणि आलं, तर त्याचा जाब कुणाला विचारायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डोंगरात होतं. दुसऱ्याचं उत्तर ७ जानेवारी १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका न्यायालयात मिळालं. ‘वुड्रफ विरुद्ध नॉर्थ ब्लूमफील्ड ग्रॅव्हल मायनिंग कंपनी’ या खटल्याचा हा निकाल न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांच्या नावावरून ‘सॉयर निकाल’ म्हणून ओळखला जातो.

डोंगरात गाडलेल्या नद्या

२४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल या सुताराला अमेरिकन नदीकाठी कोलोमा इथे लाकूड कापण्याच्या गिरणीच्या चरात सोन्याचे कण दिसले. दोनेक वर्षांत जगभरची माणसं सिएरा नेवाडा डोंगराच्या उतारावर लोटली. सुरुवातीचं काम सगळं हातानं. आपल्याकडे सराफकट्ट्यावर झारेकरी दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ गोळा करतात, घमेल्यात घेऊन पाण्यानं हलवत राहतात. माती वाहून जाते, जड सोनं तळाशी बसतं आणि अगदी बारीक कण पारा घालून पकडले जातात. युबाच्या काठचा खाणवालाही नेमकं हेच करत होता. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड आणि साधी वाळू अडीच-पावणेतीनपट, एवढ्या एका फरकावर हा सगळा धंदा उभा होता.

नदीतलं सोपं सोनं मात्र चार-पाच वर्षांत संपत आलं. मग लक्ष गेलं ते डोंगरावरच्या खडीच्या थरांकडे. कोट्यवधी वर्षांपूर्वी या भागातून वेगळ्याच नद्या वाहत होत्या. त्यांची पात्रं पुढे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली आणि डोंगर उचलला गेला तसे ते थर आजच्या नद्यांपेक्षा कितीतरी उंचावर राहिले. काही ठिकाणी या जुन्या खडीची जाडी शेकडो फूट होती. तिच्यात सोनं होतं, पण विरळ. घनयार्डभर, म्हणजे टनाहून जास्त खडी धुवावी तेव्हा काही सेंटांचं सोनं निघे. आपल्या मापात सांगायचं तर गुंज-दोन गुंजा. एवढ्यासाठी कुदळ-फावडं चालवणं परवडणारं नव्हतं. झारेकऱ्याचं घमेलं डोंगराएवढं मोठं करता आलं, तरच हिशेब जमणार होता.

पाण्याची तोफ

१८५३ साली नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटिसननं कॅनव्हासच्या नळीला धातूचं तोंड बसवून पाण्याची धार थेट डोंगराच्या कड्यावर सोडली. कडा ढासळला आणि ढिगारा त्याच पाण्यानं लाकडी पन्हाळीत वाहून गेला. एका माणसाच्या हातून दिवसभरात निघणारी माती एकदम कैक पटींनी वाढली.

पुढच्या वीस वर्षांत या युक्तीचा अजस्र कारखाना झाला. उंचावर धरण बांधायचं, तिथलं पाणी मैलोगणती पाटानं खाणीच्या डोक्यावर आणायचं, तिथून लोखंडी नळांतून तीन-चारशे फूट खाली सोडायचं आणि नळाचं तोंड निमुळतं करायचं. चारशे फुटांवरून उतरलेलं पाणी तोंडातून बाहेर पडताना, घर्षणातला तोटा सोडला तर, ताशी १७५ किलोमीटरच्या वेगानं सुटतं. ‘मॉनिटर’ किंवा ‘जायंट’ नावाच्या या ओतीव लोखंडी तोफांच्या तडाख्यात सापडलेला माणूस जगत नसे.

यातली सर्वांत मोठी खाण नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीची होती. युबाच्या दक्षिण शाखेजवळ मलाकॉफ नावाच्या जागी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या भांडवलदारांच्या पैशावर ती उभी राहिली. बोमन इथल्या धरणापासून चाळीस मैलांहून लांब पाट काढला होता. खाणीच्या तळातून राडा बाहेर काढायला जवळजवळ आठ हजार फूट लांबीचा बोगदा खडकातून खोदला होता. तो १८७४ साली पुरा झाला. त्याच्या तोंडातून खडी-वाळू-माती हम्बग क्रीक नावाच्या ओढ्यात पडे आणि ओढ्यातून युबात. रात्री विजेच्या दिव्यांच्या उजेडातही काम चाले. कंपन्यांनी धरणांवर निरोप पोहोचवण्यासाठी १८७८ साली साठेक मैलांची टेलिफोनची तारसुद्धा ओढली होती. तंत्रज्ञानात कसलीच कसूर नव्हती. फक्त धुतलेली माती जाणार कुठे, हा प्रश्न कुणाच्याच आराखड्यात नव्हता. नदी आहे की, ती नेईल.

पन्हाळीच्या तळाशी पारा टाकलेला असे, बारीक सोनं धरून ठेवायला. त्यातला दहा ते तीस टक्के पारा दर हंगामात गाळाबरोबर निसटून जाई. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार नदीवाळूतलं आणि खडीतलं सोनं काढताना कॅलिफोर्नियात ४५ लाख किलोच्या घरात पारा असा बाहेर सांडला.

नदी नेते, पण कुठवर?

वाहतं पाणी किती आणि केवढं ओझं उचलेल, हे मुख्यतः त्याच्या वेगावर ठरतं आणि वेग उतारावर. डोंगरातल्या अरुंद घळीत युबा मोठमोठे दगड सहज लोटत नेई. पण पायथ्याशी येताच उतार एकदम कमी होतो, पात्र रुंदावतं आणि पाण्याचा जोर ओसरतो. तिथे ओझं खाली ठेवण्यावाचून नदीला गत्यंतर नसतं. आधी दगडगोटे बसतात, मग खडी, पुढे वाळू. अगदी बारीक चिकणमाती मात्र पाण्यात तरंगतच राहते आणि थेट समुद्राच्या खाडीपर्यंत पोहोचते.

नेहमीची नदी आणि तिचा गाळ यांचा हजारो वर्षांत मेळ बसलेला असतो. जेवढं येतं तेवढं पुढे जातं. युबाला मात्र तीस वर्षांत इतका गाळ मिळाला, जितका एरवी शेकडो वर्षांत मिळाला नसता. तळ चढत गेला. तळ चढला की पाण्याला जागा उरत नाही, त्यामुळे पूर्वी जे पाणी पात्रातून निमूट गेलं असतं तेच आता काठावर येतं. म्हणून गावकरी बांध घालतात. मग पाणी बांधांमध्येच कोंडतं, गाळही तिथेच बसतो आणि तळ आणखी वर येतो. बांध पुन्हा उंच करावा लागतो. मेरीसव्हिलचे नागरिक वर्षानुवर्षं या शर्यतीत पैसा ओतत होते आणि शर्यत हरत होते.

शेतांची गत याहून वाईट. काठची काळी कसदार जमीन फिकट, निकस गाळाखाली गेली. या बारीक चिखलाला तिकडचे शेतकरी ‘स्लिकेन्स’ म्हणत. पूर ओसरला की फळबागांतल्या झाडांचे फक्त शेंडे चिखलातून वर दिसत. काही ठिकाणी कुंपणं आणि घरंही गडप झाली. एकट्या युबाच्या काठी हजारो एकर जमीन गेली. सॅमन मासे ज्या खडीत अंडी घालत तीही बुजली. आगबोटी मेरीसव्हिलपर्यंत येईनाशा झाल्या.

खटले का अडत होते?

एवढं नुकसान डोळ्यांसमोर असताना लोक गप्प का बसले? एक कारण सरळ पोटाचं होतं. मेरीसव्हिलचे व्यापारी खाणींनाच माल पुरवत. खाण बंद तर दुकान बंद. त्यामुळे पहिली हिंमत केली ती शेतकऱ्यांनी. बेअर नदीकाठचा जेम्स कीज १८७६ साली कोर्टात गेला, १८७९च्या सुरुवातीला त्यानं मनाई हुकूमही मिळवला. पण त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो उलटवला, कारण कीजनं अनेक कंपन्यांना एकाच दाव्यात ओढलं होतं. प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे, आपापल्या जागी काम करते आणि त्यांच्यात काही संगनमत नाही, तर त्यांच्यावर एकत्र दावा चालणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

खरी मेख इथे होती. डझनावारी खाणींचा गाळ नदीत मिसळून खाली येतो. शेतात पडलेल्या चिखलातला कुठला घमेलाभर कुणाचा, हे कोण सांगणार? एकेका कंपनीवर वेगळा दावा केला तर ती म्हणणार, आमच्या एकट्याच्या गाळानं काही झालं नसतं. सगळ्यांवर एकत्र केला तर दावा चालणारच नाही. आपल्याकडे नाल्यात राडारोडा टाकणारे बिल्डर आणि शेजारची सोसायटी याच युक्तिवादावर आजही निभावून नेतात.

> चौकट : खटल्याचा प्रवास
> १८७५ : मेरीसव्हिलमध्ये महापूर.
> १८७८ : शेतकरी आणि शहरवासीयांची गाळविरोधी संघटना स्थापन.
> १८७९ : कीजचा मनाई हुकूम रद्द.
> १८८० : राज्याचा निचरा कायदा. सर्वांच्या करातून गाळ अडवण्याची बंधारे-योजना. पुढच्याच वर्षी कायदा घटनाबाह्य ठरला.
> १८८२ : वुड्रफचा दावा दाखल.
> १८८३ : जूनमध्ये युबाच्या मधल्या शाखेवरचं इंग्लिश डॅम फुटलं.
> १८८४ : सॉयर निकाल.

न्यूयॉर्कचा वादी, खाणीतला न्यायाधीश

कोंडी फोडली एडवर्ड्स वुड्रफ या गृहस्थानं, किंवा खरं तर त्याच्या पत्त्यानं. त्याची मेरीसव्हिलमध्ये इमारत होती, जवळच शेतजमीन होती, पण रहिवासी तो न्यूयॉर्कचा. अमेरिकन राज्यघटनेनुसार एका राज्याचा नागरिक दुसऱ्या राज्यातल्या नागरिकाविरुद्ध केंद्रीय न्यायालयात जाऊ शकतो. खाण-तालुक्यातलं कोर्ट खाणीच्या बाजूचं, शेतीच्या तालुक्यातलं शेतकऱ्यांच्या बाजूचं, या खेचाखेचीतून दावा अलगद बाहेर पडला. गाळविरोधी संघटनेचं पाठबळ अर्थातच त्याच्यामागे होतं.

न्यायमूर्ती सॉयर यांच्याबद्दल मात्र खाणवाल्यांना आशा वाटायला जागा होती. हे गृहस्थ १८५० साली कॅलिफोर्नियात आले ते सोनं शोधायलाच. नंतर नेवाडा सिटीत, म्हणजे खाणप्रदेशाच्या ऐन मध्यावर, त्यांनी वकिली केली. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. खाणीचा धंदा त्यांना कागदावरून शिकायचा नव्हता.

‘एकत्र दावा चालत नाही’ हा आक्षेप त्यांनी १८८३ सालीच निकालात काढला. कंपन्यांचं काम वेगवेगळं असेल, पण गाळ खाली येता येता एक होतो आणि नुकसान होतं ते त्या एकत्र गाळानं. प्रत्येक कंपनीला हे ठाऊक आहे. तेव्हा नुकसानभरपाईचा वाटा कुणाचा किती हा प्रश्न वेगळा. नुकसान थांबवायचं असेल तर सगळ्यांना एकाच हुकमानं थांबवता येतं. भरपाई आणि मनाई यांच्यातला हा भेद या साऱ्या प्रकरणातली सर्वांत चलाख गोष्ट आहे. वुड्रफनं पैसे मागितलेच नव्हते. त्याला फक्त धार बंद हवी होती.

निकालात काय म्हटलं?

निकाल दोनशेहून अधिक पानांचा होता. खाणवाल्यांचे बचाव अनेक होते, पण त्यांतला एक मराठी वाचकाला लगेच ओळखीचा वाटेल : वहिवाट. आम्ही इतकी वर्षं नदीत गाळ सोडतो आहोत, कुणी अडवलं नाही, तेव्हा आता तो आमचा हक्क झाला. सॉयर यांचं उत्तर असं की, शेजाऱ्याच्या शेतातून पायवाटेचा हक्क वहिवाटीनं मिळू शकतो, कारण तो दोघांमधला मामला आहे. पण नौकानयनाची नदी बुजवणं, शेकडो लोकांची शेतं गाडणं हा सार्वजनिक उपद्रव आहे, आणि सार्वजनिक उपद्रव करण्याचा हक्क कितीही वर्षांच्या वहिवाटीनं मिळत नाही. अशा उपद्रवाविरुद्ध एरवी सरकारनं पाऊल उचलायचं असतं. मात्र ज्याला इतरांपेक्षा वेगळं, खास नुकसान सोसावं लागलं, तो स्वतःही दाद मागू शकतो. वुड्रफची जमीन आणि इमारत यासाठी पुरेशी होती.

दुसरा बचाव परवान्याचा. अमेरिकन काँग्रेसनं १८६६ आणि १८७२ साली सरकारी जमिनीवर खाणकामाला कायद्यानं मुभा दिली होती. म्हणजे गाळ सोडायलाही दिली, असा खाणवाल्यांचा दावा. सरकारी जमिनीवर खोदायची मुभा म्हणजे दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर कचरा टाकायची मुभा नव्हे, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

राहिला पैशाचा मुद्दा. कोट्यवधी डॉलर गुंतले आहेत, हजारो लोक बेकार होतील, गावं उठतील. हे खरंच होतं आणि पुढे तसं झालंही. न्यायालयाची भूमिका अशी की, धंदा कितीही मोठा असला तरी त्यानं कायद्यातला हक्क बदलत नाही. तोवर एक गोष्ट शांतपणे घडून गेली होती. कॅलिफोर्नियाचा गहू सोन्यापेक्षा जास्त पैसा मिळवू लागला होता. शेतीनं खाणीला मागे टाकलं होतं, त्यामुळे निकालाचे पडसाद वीस वर्षांपूर्वी उमटले असते तसे उमटले नाहीत. निकालाला धाडस लागलंच, पण वारंही बदललेलं होतं.

हुकूम झाला कायमस्वरूपी मनाईचा : युबा आणि तिच्या उपनद्यांत खाणीचा गाळ सोडायचा नाही. गाळ डोंगरातच अडवून धरायची खात्रीची सोय कंपन्यांनी दाखवली तर न्यायालयाकडे पुन्हा येण्याची वाट मात्र खुली ठेवली. बंधाऱ्यांच्या आश्वासनावर तेव्हा कुणाचा विश्वास बसणं कठीणच होतं. इंग्लिश डॅम फुटल्याला वर्षही झालेलं नव्हतं.

याला जगातला पहिला पर्यावरणीय निकाल वगैरे म्हणण्याची पद्धत आहे. जरा जपून म्हणावं. निकालात रक्षण झालं ते मालमत्तेचं आणि जलवाहतुकीचं. सॅमन माशांच्या वतीनं कुणी उभं नव्हतं. ज्यांच्या पिढ्या युबाच्या काठी गेल्या त्या निसेनान आदिवासींना तर कुणी विचारलंही नाही.

हुकूम नदीला लागू नव्हता

काही खाणी चोरून, रात्री चालत राहिल्या. त्यांच्यावर नजर ठेवायला गाळविरोधी संघटनेनं माणसं नेमली. १८९३ सालच्या कॅमिनेटी कायद्यानं गाळ अडवण्याच्या अटीवर खाणकामाला परवानगी दिली, पण त्या अटीत धंदा परवडेना आणि तो हळूहळू विझला.

गाळ मात्र विझला नाही. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १९०५पासून या नद्यांचा अभ्यास केला आणि १९१७ साली अहवाल छापला. त्यांच्या मोजदादीत सिएराच्या या उतारावरून खाणींनी हलवलेली माती पनामा कालवा खोदताना काढलेल्या मातीच्या जवळपास आठपट भरली. त्यांचं मोठं निरीक्षण असं की गाळ नदीतून लाटेसारखा सरकतो. डोंगरातला पुरवठा बंद झाला तरी आधीच घळीत साचलेला ढीग दरवर्षी पुराबरोबर पुढे येतच राहतो. मेरीसव्हिलजवळ युबाचा तळ सर्वांत वर गेला तो सुमारे १९०५ साली, म्हणजे मनाईनंतर एकवीस वर्षांनी.

साचलेला गाळ धुऊन जावा म्हणून पुढच्या काळात बांध मुद्दाम पात्राला लगटून ठेवण्यात आले. अरुंद जागेत वेग वाढतो आणि गाळ खरवडला जातो. ते गणित बरोबर होतं, पण त्याच अरुंद पात्रात मोठा पूर मावत नाही. डिसेंबर १९५५मध्ये फेदर नदीचा बांध फुटला आणि युबा सिटी परिसरात ३८ माणसं दगावली. १९४१ साली युबावर २६० फूट उंचीचं एंगलब्राइट धरण बांधलं, तेही मुळात गाळ अडवण्यासाठीच. आज त्याच्या तळाशी तो गाळ आहे आणि गाळात पारा. जलाशयातले जिवाणू या पाऱ्याचं मिथिल पारा या विषारी रूपात रूपांतर करतात. तो किड्यांतून लहान माशांत आणि लहानांतून मोठ्या माशांत साठत जातो. म्हणून या भागातल्या जलाशयांतले मासे किती खावेत, गर्भवतींनी आणि मुलांनी कोणते टाळावेत, याच्या सूचना राज्य सरकार आजही काढतं.

गोव्याच्या वाचकाला यातलं पुष्कळसं नवं वाटणार नाही. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या भातशेतांत पावसाळ्यात शिरणारी लोहखनिजाची खाणमाती त्याच्या परिचयाची आहे. सर्वोच्च न्यायालयानं २१ एप्रिल २०१४ रोजी गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल देताना, भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर खाणमातीचे ढीग, म्हणजे डंप, टाकता येणार नाहीत, असं बजावलं. आधीपासून उभ्या असलेल्या डंपांचं काय करायचं, हा वाद त्यानंतरही चालूच राहिला.

मलाकॉफची खाण आता राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. सात हजार फूट लांब आणि एके काळी सहाशे फुटांच्या आसपास खोल असलेल्या त्या खड्ड्याचे पांढरे-तांबूस कडे पाहायला पर्यटक येतात. पाऊस लागला की हे उघडे कडे अजून ढासळतात आणि गढूळ पाणी बाहेर पडून हम्बग क्रीकला मिळतं. प्रतिवादी कंपनी बंद होऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी कॅलिफोर्नियाच्या प्रदूषित प्रवाहांच्या सरकारी यादीत हम्बग क्रीकचं नाव गाळ आणि पारा या कारणांसाठी नोंदलेलं आहे.